गाडी पाहावी घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्यानं काढली त्याच्या घरामागे परस नसावं. असतं तर त्यानं तिसरं वाक्य जोडलं असतं : गाडी पाहावी घेऊन. गाडी म्हणजे मोटारगाडी नव्हे. मोटारगाडी घ्यायला लागतं काय? बँकेचं कर्ज आणि शेजाऱ्याची ईर्षा. मी म्हणतोय ती गाडी माती वाहायची, शेणखत वाहायची, झावळ्या, पालापाचोळा आणि फुटकी कौलं वाहायची. दोन दांडे धरायचे आणि ढकलायची. दसऱ्याला तिला कुणी झेंडूचा हार घालत नाही, आणि दारात ती उभी आहे म्हणून कुणाचं लग्न जमल्याचं ऐकिवात नाही. पण ती घ्यायला निघालं की माणूस थेट इतिहासात जाऊन पोचतो. मी पोचलो.

पहिली अडचण नावाची. हिला मराठीत म्हणायचं काय? हार्डवेअरच्या दुकानात ‘एकचाकी ढकलगाडी आहे का?’ असं विचारलं तर दुकानदार आपल्याला सर्कशीतला समजतो. बांधकामावरची माणसं ट्रॉली म्हणतात. शिकलेली माणसं व्हीलबॅरो म्हणतात आणि उच्चार बरोबर झाला का म्हणून इकडेतिकडे बघतात. आपलं म्हणावं असं एकही खणखणीत नाव नाही. आता डोक्यावरून ओझं न्यायच्या वस्तूंची नावं घ्या : पाटी, टोपली, टोपलं, हारा, डालगं, घमेलं. इतकंच नव्हे, डोकं आणि ओझं यांच्यामध्ये ठेवायच्या कापडाच्या वेटोळ्यालासुद्धा आपल्याकडे खास शब्द आहे. चुंबळ! ज्या भाषेत चुंबळीला शब्द आहे आणि ढकलगाडीला नाही, त्या भाषेच्या माणसांनी ओझी कशी वाहिली हे सांगायला इतिहासकार लागत नाही. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत ओझी उचलणाऱ्यांना आपण नाव दिलं ते माथाडी. माथ्यावरून. त्यांच्यासाठी महाराष्ट्रानं १९६९ साली स्वतंत्र कायदा केला, त्याच्या नावातही माथाच आहे. चाक कुठं नाही.

माझ्यावर ही वेळ का आली तेही सांगून टाकतो. मी न्हावा-शेवा बंदरावरच्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली. त्या काळात मी इतके कंटेनर हलवले की मोजदाद नाही. हलवले कागदावर. प्रत्यक्षात मी उचललेली सगळ्यांत जड वस्तू म्हणजे बिल ऑफ एंट्रीची फाइल. निवृत्त झालो, उरणकडच्या घरी स्थिरावलो आणि हिच्या मनात आलं की परसात वांगी, मिरच्या, अळू आणि चार अबोलीची रोपं लावावीत. परसातली जमीन खारट. म्हणून गोड्या लाल मातीची एक ब्रास मागवली. आमची पाखाडी इतकी अरुंद की तिच्यात डंपर शिरत नाही. त्यानं माती नाक्यावर ओतली, पैसे घेतले आणि तो निघून गेला.

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सुकी, मोकळी माती धरली तरी चार टन भरते. घमेल्यात सोळा किलो माती मावते असं धरा; अडीचशे घमेली झाली. हे गणित मी मोठ्यानं केलं तेव्हा ही म्हणाली, “मग चाकाचं काहीतरी बघा ना. जगानं शोधून ठेवलंय ते कशासाठी?”

जगानं शोधून ठेवलंय हे खरं. आपल्या महाराष्ट्रातही चाक काही आज आलेलं नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १९७४ साली काशाच्या चार वस्तू जमिनीतून निघाल्या. एक बैलजोडी जुंपलेला रथ, त्यात उभा असलेला माणूस. शिवाय एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहेत, पण बरेच जण त्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. गंमत अशी की गेंडासुद्धा चाकांवर उभा आहे. म्हणजे आमच्या पूर्वजांनी गेंड्याला चाकं लावली, पण माती वाहणाऱ्या बाईच्या टोपलीला लावली नाहीत. कारण उघड आहे. दोन चाकं आली की बैल आला. बैल आला की गोठा, वैरण, पेंड आणि पोळ्याला पुरणपोळी. ज्याला हे परवडतं तो स्वतः माती वाहत नाही. ज्याला परवडत नाही त्याच्याकडे डोकं असतं, आणि ते वैरण मागत नाही. निदान मोठ्यानं मागत नाही.

एका चाकाची गाडी सुचली ती चिनी माणसाला. चेंगदूजवळच्या एका थडग्यात इसवी सन ११८ च्या सुमाराचं तिचं चित्र आहे. पुढे २३१ साली झुगे लियांग नावाच्या एका मुत्सद्दी सेनापतीनं डोंगराळ वाटांनी सैन्याला धान्य पोचवायला अशीच काहीतरी युक्ती काढली. तिचं नाव ‘लाकडी बैल’. ती एकचाकी गाडीच होती असं पुष्कळ अभ्यासक मानतात. चारा नको, पाणी नको, शेपटी पिरगाळायला नको. चिनी गाडीची खुबी अशी की चाक मोठं आणि बरोबर मधोमध. सगळा भार चाकावर. माणसानं फक्त तोल सांभाळायचा. वारा अनुकूल असला तर तिथले लोक गाडीवर शीड उभारायचे, असं जुन्या युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवलंय. हे मी आमच्या शेजारच्या नाखवांना सांगितलं. आयुष्य होडीवर गेलेला माणूस. ते म्हणाले, “मग वल्ही पन असतील साहेब. नीट बघा.”

युरोपात ही गाडी बाराव्या-तेराव्या शतकातल्या चित्रांत दिसू लागते, पण तिथं चाक मधोमध नाही, अगदी पुढे. असं का, याचा एक उलगडा सांगतात. पूर्वी दोन माणसं पुढून-मागून दांडे धरून डोलीसारखं ओझं न्यायची. कुणा हिशेबी मुकादमानं पुढच्या माणसाला काढलं आणि त्याच्या जागी चाक बसवलं. कामगारकपातीचा हा पहिला दाखला असावा. मागच्या माणसाची मजुरी मात्र दुप्पट झाली असेल असं वाटत नाही. अशा गाडीत भाराचा काही हिस्सा हातांवर येतोच. नव्वद किलोंचा भार चाकापासून हातापर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांशावर असला तर तीस किलो हातांवर आणि साठ चाकावर. आज दुकानात आपल्याला मिळते ती ही साहेबी गाडी. चिनी बैल इकडे आलाच नाही.

साहेबी गाडी आपल्याकडे आली तेव्हाचा एक किस्सा फार सांगतात. बोरघाटात रेल्वेचं काम १८५६ ते १८६३ चाललं. ऐन भरात तिथं चाळीस हजारांच्या आसपास माणसं राबत होती. बोगदे, भराव, दगड, माती, सगळं टोपल्यांतून. इंग्रज मुकादमाला ते बघवेना. त्यानं ढकलगाड्या आणवल्या, वाटल्या आणि समाधानानं चिरूट ओढायला गेला. परत येऊन बघतो तो मजुरांनी गाड्या मातीनं भरल्या आहेत आणि त्या डोक्यावर घेऊन ओळीनं चालले आहेत! हाच किस्सा कालव्यांच्या कामांवरही सांगतात, धरणांवरही सांगतात. इतक्या ठिकाणी घडलेला किस्सा बहुधा एकाही ठिकाणी घडलेला नसतो. पण साहेबाच्या क्लबात तो सांगून झाला की सगळे हसायचे आणि ‘नेटिवाला कळतच नाही’ असं म्हणायचे.

मला त्या किश्शावर हसू येईनासं झालं ते नाक्यावरच्या मातीमुळे. जरा विचार करा. इंग्रज खोदकामगार गाडी ढकलायचे ते आधी जमिनीवर फळ्या अंथरून. फळ्यांची वाट आधी, गाडी नंतर. बोरघाटात वाट कुठली आणि फळ्या कुठल्या? जिथं माणसं दोरानं कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडत होती, तिथं चाक फिरणार कशावर? शिवाय तिथं कुटुंबच्या कुटुंबं कामाला असत : पुरुषानं खणायचं, बाईनं आणि पोरांनी वाहायचं. टोपली पोराच्या डोक्याएवढी लहान करता येते. गाडी लहान होत नाही. म्हणजे मजुराला गाडी कळली नव्हती असं नाही. साहेबाला जमीन कळली नव्हती. आता पोरांच्या डोक्यावर टोपली देणारी ती व्यवस्था चांगली होती असं माझं म्हणणं नाही. पण त्या बाईच्या मानेचा हिशेब क्लबातल्या किश्शात कुठंच येत नाही, एवढंच.

हे कळायला बोरघाटापर्यंत जायचीसुद्धा गरज नव्हती. आमच्या उरण-पनवेलच्या खाऱ्या पट्ट्यात बघायला हवं होतं. इथल्या आगरी समाजाचं नावच आगरावरून आलं, म्हणजे मिठागरावरून किंवा शेताच्या आगरावरून. मिठागर म्हणजे पाण्याचे उथळ चौकोन आणि त्यांच्यामधले चिखलाचे बांध. बांधाची रुंदी पाऊलभर. मीठ तयार झालं की पाट्या भरायच्या आणि त्या बांधांवरून डोक्यावर वाहून ढीग घालायचे. वरून ऊन, खालून मिठाचं पाणी पायांना चरे पाडणारं. तिथं दोन चाकांची गाडी नेली तर एक चाक या खणात आणि दुसरं त्या खणात. एक चाक नेलं तर ते चिखलात रुतणार. अशा जमिनीवर माणसाच्या पायाला तोड नाही. पाय रुतला तर तो बाहेर काढायची अक्कल त्याला असते. चाकाला ती नसते.

आणि समुद्र अडवणारे खारबांध? भरतीनं बांधाला खांड पडलं की रायगडच्या खारेपाटात ‘जोळ’ निघायचा. ज्यांची शेती त्या बांधाच्या आत, त्यांनी घरटी माणूस द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून बांध घालायचा. माती हातोहात जायची. समुद्र पुढच्या भरतीपर्यंतचीच मुदत देतो, त्यामुळे गाडी कुठली घ्यावी यावर चर्चा करायला कुणाला सवड नसायची. पुढे १९४८ च्या खारजमीन कायद्यानं बांधांच्या कामात सरकार आलं. सरकार आल्यावर अर्ज आला, आणि अर्ज आला की माणसं वाट बघायला शिकतात. समुद्र मात्र शिकत नाही.

मग या जमिनीचंच रूप पालटायचं ठरलं. १९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. भावाचा प्रश्न पेटला आणि १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचं धोरण या लढ्यातून पुढे आलं. साडेबारा टक्के हा आकडा आमच्याकडे पोरंसुद्धा पाढ्यासारखा म्हणतात. बाहेरच्याला तो सरकारी आकडा वाटतो. इथल्या माणसाला त्या आकड्याआधी पाच चेहरे दिसतात.

न्हावा आणि शेवा ही खरं म्हणजे दोन वेगळी गावं. मधल्या छोट्या रेघेनं त्यांना जोडलं ते बंदरानं. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झालं आणि त्याला जवाहरलाल नेहरूंचं नाव मिळालं. पण जगभरच्या जहाजांच्या कागदांवर त्याचं नाव अजून न्हावा-शेवाच आहे. यातलं न्हावा जागेवर राहिलं. शेवा उठलं. शेतकरी नवीन शेव्याला गेले, कोळी हनुमान कोळीवाड्याला. कोळीवाड्याला जी जागा मिळाली तिथल्या घरांना वाळवीनं पोखरलं, आणि पुन्हा पुनर्वसन करा म्हणून त्या लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. समुद्रावर वादळाशी झुंजणाऱ्या माणसांना जमिनीवर वाळवीशी झुंजायला लावणं, हे नियोजनखात्यालाच सुचू शकतं.

आमचे नाखवा त्या शेव्याचे. घर हलवलं तेव्हा ते तरुण होते. मी एकदा विचारलं, “सामान कसं आणलंत?” म्हणाले, “टेंपोतून. जाळी आली, भांडी आली, म्हातारी आली, देव आले. परस नाय आलं. ते कशात भरनार?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझा सगळा व्यवसायच वस्तू कशात भरायची याचा होता. कंटेनर ही काय चीज आहे? वीस फूट लांब, आठ फूट रुंद पत्र्याची पेटी. मालकम मॅक्लीन नावाच्या एका अमेरिकन ट्रकवाल्यानं २६ एप्रिल १९५६ रोजी अशा ५८ पेट्या एका जहाजावर चढवून न्यूआर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. त्याच्या पेट्यांचं माप तेव्हा वेगळं होतं. वीस आणि चाळीस फुटांचं माप नंतर ठरलं. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट खर्च यायचा. पेटीतून सुमारे १६ सेंट. बस्स, गोदीवरच्या माथ्याची सद्दी त्या दिवशी संपायला लागली. न्हावा-शेव्याला २०२४-२५ या एका वर्षात वीसफुटी मापानं ७० लाखांवर कंटेनर हलले. हलवणारे यार्डातले राक्षसी गॅन्ट्री क्रेन रबरी टायरांवरच चालतात. नीट पाहिलं तर ती आपली ढकलगाडीच आहे. फक्त ढकलणारा वर काचेच्या खोलीत बसतो.

पण त्यासाठी आधी काय करावं लागलं? खाडीत भराव टाकावा लागला, डोंगर फोडून मुरूम आणावा लागला, वर काँक्रीट ओतावं लागलं. नव्या मुंबईच्या विमानतळासाठी तर उलव्याची अख्खी टेकडी कापली आणि नदी वळवली. चिखलाची जमीन घट्ट केली तेव्हा चाक जिंकलं. इंग्रज खोदकामगाराच्या त्या फळ्याच, जरा मोठ्या प्रमाणावर. आता तर १२ जानेवारी २०२४ पासून शिवडीहून न्हावा-शेव्यापर्यंत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू झालाय. त्यावर बैलगाडीला, ट्रॅक्टरला, रिक्षाला, मोटारसायकलला बंदी आहे. ढकलगाडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, पण मी प्रयत्न करून बघणार नाही.

एवढा इतिहास डोक्यात घेऊन मी गाडी घ्यायला निघालो. दुकानदारानं पाच नमुने मांडले. मी त्यांच्या किमती वाचत होतो. बरोबर आलेले नाखवा मात्र गाड्यांकडे बघतच नव्हते. ते म्हणाले, “साहेब, गाड्या सगळ्या चांगल्या हायेत. पन ही चालनार कुठं ते आधी बोला.” तेव्हा मला वाटलं, बोरघाटातल्या त्या मुकादमाला असा एक नाखवा भेटायला हवा होता.

तर जमीन आधी. अंगण सपाट, फरसबंदी असेल तर दोन चाकांची गाडी उत्तम. ती लवंडत नाही, भरताना धरून ठेवावी लागत नाही, वय झालेल्या माणसाला सोपी. पण तिला वाट रुंद लागते, आणि वाट एका बाजूला कलती असली की गाडीही कलते. अरुंद पाखाडी, वाफ्यांमधली पायवाट, माडांच्या बुंध्यांमधलं वळण असेल तर एकच चाक. ते जागच्या जागी वळतं, आणि उतारावर गाडी आडवी तोलून धरता येते. तोल सांभाळायचं काम मात्र आपल्या मनगटाचं.

मग चाक. चाक बारीक असलं की ओल्या मातीत ते सुरीसारखं कापत जातं. रुंद टायर मातीवर तरंगतं. जेम्स डायसन नावाच्या इंग्रजानं १९७४ साली चाकाऐवजी चक्क फुगीर चेंडू बसवलेली ढकलगाडी काढली, ती याच कारणासाठी. त्याच वर्षी दायमाबादला चाकांवरचा गेंडा निघाला. चार हजार वर्षं चाकावर काढल्यावर माणूस चेंडूवर आला. हवेचं टायर गचके कमी देतं, पण आमच्याकडे बाभळीचा काटा दबा धरून बसलेला असतो. भरीव रबराला पंक्चर नाही, पण ते हाताला धक्के पोचवतं. मी हवेचं घेतलं, कारण कोपऱ्यावर पंक्चरवाला आहे आणि मनगटवाला नाही.

चाकाच्या मधोमध काय आहे तेही वाकून बघावं. नुसती नळी आसावर घासत असेल तर गाडी महिन्याभरात कुरकुरायला लागते. बॉल-बेअरिंग असलेली घ्यावी आणि ग्रीस घालायला जागा आहे का विचारावं. पत्र्याचं गेज बघावं. इथं शाळेतल्या नंबरासारखं आहे : आकडा लहान तितका पत्रा जाड. अठरा गेज हा बावीसपेक्षा दणकट. आणि किनाऱ्यावर राहत असाल तर नुसत्या रंगावर भुलू नका. आमच्या खाऱ्या हवेला निळा रंग, हिरवा रंग सगळे सारखेच गोड लागतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घ्यावा, किंवा जाड प्लॅस्टिकचं घमेलं. प्लॅस्टिक गंजत नाही, पण त्यावर दगड टाकले की तडकतं, आणि उन्हात वर्षानुवर्षं ठेवलं तर ठिसूळ होतं.

गाडी मोठी घ्यायचा मोह टाळावा. शंभर लिटरची गाडी ओल्या मातीनं काठोकाठ भरली तर दीडशे किलोंच्या वर जाते. ती उचलायला ज्याला बोलवाल तो ती डोक्यावर घेईल. भरताना जड माल पुढे, चाकाच्या अंगाला. हाताच्या बाजूला हलकं. उचलताना गुडघ्यांत वाकायचं, कमरेत नाही. पायरी आली तर गाडी फिरवून मागे ओढायची, ढकलायची नाही. ओल्या जागेत एक फळी टाकायची. काम झालं की गोड्या पाण्यानं धुवायची आणि पालथी ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात तिच्यात साचलेल्या पाण्यावर डास पोसले जातात आणि घरातल्या सगळ्यांना डेंग्यू वाहून आणायचं कामही ती करते.

आणि शेवटची गोष्ट : ढकलायची स्वतः. आमच्याच जिल्ह्यात माथेरानला मोटारी नाहीत म्हणून माणसं हातरिक्षा ओढत आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा आणि त्या लोकांना ई-रिक्षा द्या. माथा जाऊन चाक आलं म्हणजे माणूस सुटला असं होत नाही. ओझ्यात कोण बसलंय तेही बघावं लागतं. आपलीच माती आपण ढकलावी, त्यात कमीपणा नाही.

माझी माती पन्नास खेपांत परसात यायला हवी होती, खेपेला ऐंशी किलोंच्या हिशेबानं. पण हिशेब जुळला नाही. दुसऱ्या दिवशी पाखाडीतल्या कुणाला विटा न्यायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी कुणाच्या गणपतीच्या मखराचं सामान होतं. मग तळ्यातला गाळ, मग पाण्याचे कॅन, मग एका आजींचा गॅस सिलिंडर. बदल्यात जो येई तो जाताना माझ्या दोन खेपा ढकलून जाई. नऊ दिवसांत नाका मोकळा झाला. नाखवांना म्हटलं, “हा तर जोळच झाला की!” ते नुसते हसले.

माती मात्र दोन खेपा कमी भरली. परवा नाखवांच्या दारात गेलो तर ती तिथं दिसली. फरशी उखडून त्यांनी हातभर आळं केलंय आणि त्यात शेवग्याचं फांदं रोवलंय. शेव्याच्या परसात होता तसा शेवगा, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. फांद्याला कोंब फुटलेत. गाडीही तिथंच होती, धुऊन पालथी ठेवलेली.

दोन खेपांचे पैसे मागायला हरकत नव्हती. ब्रासचा भाव काही कमी नाही. पण मी काही बोललो नाही. तीस वर्षं मी रोज शेदोनशे कागदांवर त्यांच्या गावाचं नाव टाइप केलं आणि त्यावर पगार घेतला. त्या मानानं माती स्वस्तच पडली.